मामंजींनी काढलेला मार्ग

खटकचिंचोळी,
चैत्र वद्य तृतीया, शके १९०१

प्रिय जानकी,

मोरावळ्याची बरणी पोचली. शारदाआत्यांनी ती बसमध्ये मांडीवर धरून आणली, कंडक्टरलासुद्धा हात लावू दिला नाही म्हणे. मोरावळा छान झालाय. वेलदोडा थोडा जास्त पडलाय, पण तुझा हात पहिल्यापासून सैलच. कावेरी रोज दुपारी बोट घालून खाते आणि तिला वाटतं आईला दिसत नाही. मी मात्र अजून चाखून बघण्यापलीकडे खाल्लेला नाही. अल्सरवर मोरावळा चांगला, असं तू सांगून पाठवलंस, ते खरं असेल. पण मला अल्सर नाही.

आता आधी खाली बस आणि मग पुढचं वाच. मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालाय. हैदराबादच्या दवाखान्यात महिनाभर विजेच्या किरणांचे शेक दिले आणि मग घरी पाठवलं. पाठवलं म्हणजे बरं करून पाठवलं असं समजू नकोस. मोठे डॉक्टर ह्यांना व्हरांड्यात नेऊन बोलले, आणि हे आत आले ते माझ्याकडे न बघता पिशवी भरायला लागले. मी हट्टच धरला तेव्हा एवढंच म्हणाले, "आता घरीच ठेवा म्हणायलेत." आपल्या माणसाच्या तोंडून हे ऐकायला कसं वाटतं, ते लिहिता येत नाही मला. रोग आत सगळीकडे पसरलाय. डावा पाय सुजून जड झालाय, कंबर धरल्याशिवाय लघवीला बसता येत नाही. दिवाळी मला दिसणार नाही जानकी, आषाढ तरी दिसतो की नाही देव जाणे. सवाष्ण गेली तर तिला भाग्याची म्हणतात. गावातल्या बायका येतील, माझ्या कपाळाला मळवट भरतील आणि पदर डोळ्याला लावून तसंच म्हणतील. मला ते भाग्य नको. मला मरायचं नाही. सेहेचाळीस हे काही जायचं वय आहे का गं?

अल्सर हे नाव ह्यांनी काढलं. ह्यांचाही मला राग येतो आणि कीवही येते. शाळेत पोरांना शरीरशास्त्र शिकवणारा माणूस, फळ्यावर हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड सगळं रंगीत खडूनं काढणारा. पण बापापुढं उभं राहून बायकोच्या कुठल्या अवयवाला रोग झालाय ते सांगायची वेळ आली, तेव्हा ह्यांची जीभ पोटाच्या खाली उतरेना. मामंजींनी विचारलं, "काय निघालं मुकुंदा?" आणि हे म्हणाले, "पोटात अल्सर आहे." झालं. तेव्हापासून सगळ्या गावाला अल्सर. जी येते ती तिखट कमी खा म्हणून सांगते. चंद्रम्मा दूध घालायला आली की उंबऱ्याबाहेर बसून म्हणते, "अक्का, तुमी मिरचीचा ठेचा लई खायचाव, मी तवाच बोलले होते की न्हाई?" मी म्हणते, व्हय बाई, बोलली होतीस. दुसरं काय म्हणू? खरं नाव घेतलं तर ती तोंडात पदर कोंबेल आणि दूध ठेवून पळेल.

सुरुवात कधी झाली ते सांगते. त्यासाठी आधी ह्या घरातलं बाजूला बसणं तुला आठवायला हवं. आपल्या माहेरी भालकीलाही ते होतंच, पण तिथं त्याची मजा होती. तुझं नुकतंच सुरू झालं होतं आणि एकदा आपण दोघी एकाच वेळी बाजूला बसलो होतो, आठवतं? मागच्या सोप्यात एकच घोंगडी, दिवसभर सागरगोटे, आणि आई लांबून ताट सरकवताना ओरडायची की दोघी मिळून माझा जीव घेणार आहात. आपल्याला ती सुटी वाटायची. केस विंचरायचे नाहीत, काजळ घालायचं नाही, झाडू घ्यायचा नाही, नुसतं हसायचं. तू हसून हसून भाताचा घास नाकातून काढला होतास. मला परवा वेदना उठली तेव्हा काहीतरी चांगलं आठवायचं म्हणून मी तेच आठवत पडले होते.

सासरी तसं नव्हतं. सासूबाई लवकर गेल्या, जाऊ कुणी नाही, आणि घरात देवाचा नैवेद्य एक दिवस चुकत नाही. मामंजी सोवळ्याचे कडक. मी बाजूला बसले की ते स्वतः भात लावायचे, आणि खाली लागलेला भात पोरांना वाढताना म्हणायचे, आज खरपूस केलाय. तू त्यांना पाहिलंयस. वाईट माणूस नाही गं. मी पंधरा वर्षांची ह्या घरात आले तेव्हा मला पत्रसुद्धा धड लिहिता येत नव्हतं. ओसरीवर बसवून त्यांनीच मला वाचायला, लिहायला लावलं. आज हे जे अक्षर तू वाचतेस ते त्यांनी घटवलेलं आहे. म्हणूनच पुढचं मी जपून लिहितेय.

बाजूला बसायचं म्हणजे सगळ्या घराला कळतं. माझी घोंगडी बाहेर आली की हे परसात जायचे ते दुसऱ्या दारानं, पोरं दुरून बोलायची, चंद्रम्मा दूध ठेवताना विचारायची, "अक्का, बाहेर हाव का?" शहरातल्या बाईचं रक्त तिच्या नवऱ्यालाही कळत नसेल, माझं सगळ्या गल्लीला कळायचं. आणि तीन वर्षांपूर्वी, चातुर्मासात, ते लवकर लवकर यायला लागलं. चार दिवस बसून, न्हाऊन आत जावं, पाच-सहा दिवस स्वयंपाक करावा की पुन्हा साडीला डाग. पुन्हा घोंगडी. गौरी बसल्या तेव्हा मी बाहेर, अनंताच्या पूजेला मी बाहेर, नवरात्रातही निम्मे दिवस बाहेर. कावेरी तेव्हा लहान, तिच्यानं सोवळ्याचा स्वयंपाक होईना. शारदाआत्या दुसऱ्यांच्या लग्ना-मुंजीत स्वयंपाकाला जातात, त्यांना दर पंधरा दिवसांनी आपली कामं सोडून धावत यावं लागायचं. त्या तोंडानं काही बोलत नसत, पण भांडी आपटत. मामंजींनी एकदा पोळपाटावर काहीतरी विचित्र आकार लाटला आणि मला दुरून दाखवून म्हणाले, "सुमती, हे हिंदुस्थानातलं कुठलं संस्थान?" मी हसले आणि मग भिंतीकडे तोंड करून रडले. घर माझ्यामुळं बंद पडलं होतं. बघ, घरातल्या प्रत्येकाला कळत होतं की ह्या बाईचं रक्त थांबत नाही, आणि त्या रक्ताबद्दल प्रत्येकाला एकच प्रश्न पडला होता: ही आत कधी येणार?

शेवटी मामंजींनी मनावर घेतलं. माझे हाल त्यांना बघवत नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांनी आपल्या बहिणीला, शारदाआत्यांना, मला विचारायला लावलं, किती दिवसांनी येतं, किती दिवस राहतं. मी लाजेनं मान खाली घालून सांगितलं. दोन दिवस ते आपल्याशीच पुटपुटत फिरत होते, आठवत होते, ताडून बघत होते. मग एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, पारण्याच्या आधी, ओसरीवर उभं राहून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. शास्त्रात ह्याला तोड आहे. महिन्याच्या ठरल्या वेळी येतं तेवढंच विटाळाचं. असं अवेळी, पुन्हा पुन्हा येतं ते विटाळाचं नव्हे, ते रोगाचं. त्यानं बाई अशुद्ध होत नाही. स्नान करावं आणि सोवळ्यात यावं, काही दोष नाही.

जानकी, त्या क्षणाचा आनंद तुला काय सांगू! आत्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. पोरं घोंगडी ओढत आत पळाली. ह्यांनी पंचांगातून डोकं वर काढून माझ्याकडे बघितलं आणि हसले. मी विहिरीवर जाऊन डोक्यावरून घागर ओतून घेतली, ओल्या लुगड्यानं चुलीपाशी आले आणि त्या दिवशी पुरणाचा घाट घातला. मामंजींनी अर्धी पोळी जास्त खाल्ली. रोगाचं आहे, असं त्यांनी स्पष्ट, मोठ्यानं सांगितलं होतं. सगळं घर तिथं उभं होतं, हे होते, आत्या होत्या, मी होते. सगळ्यांनी ऐकलं ते एवढंच की दोष नाही. रोग आहे तर रोगाचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. मामंजींना विचारलं असतं तर त्यांनीही सांगितलं असतं की वैद्याला दाखवा, पण त्यांना तो प्रश्न कुणी घातलाच नव्हता, आणि मला तो सुचला नाही. सोवळ्यात परत आले, आणखी काय हवं होतं मला?

मग दोन वर्षं मी तशीच राबले. जुन्या लुगड्यांच्या घड्या घ्यायच्या, न्हायचं, देवाचं करायचं, पुन्हा न्हायचं. पुढं पुढं पांढरं जायला लागलं, त्याला वास यायचा. मी आंघोळीच्या पाण्यात कापूर टाकायची, चुलीत मुद्दाम धूप टाकायची. कंबर धरायची तर म्हणायची, पाणी ओढून धरलीय. चंद्रम्माला एकदा विश्वासात घेऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "उष्णता झाल्याय अक्का, दुसरं काय बी न्हाई. रोज सब्जा भिजवून खावा." खाल्ला. तिनं तरी काय करावं, तिच्या सासूलाही असंच होऊन ती वाळून वाळून गेली आणि तिलाही उष्णताच म्हणाले होते.

आणखी एक सांगते, तू धाकटी असलीस तरी संसारी बाई आहेस. नवरा-बायको म्हणून आम्ही जवळ आलो की नंतर रक्त जायचं. दोनदा-तीनदा तसं झालं. हे घाबरले. पुढल्या आठवड्यात ह्यांनी आपलं अंथरूण ओसरीवर नेलं. म्हणाले, आत उकडायलंय. पौष महिन्यात! मी मनात म्हटलं, बरं झालं, पोरं मोठी झाली, शोभतं तरी. मला वाटलं ही आमच्या वयाला आलेली समज आहे. त्या खोलीत एकटी झोपताना मला कधीकधी फार वाईट वाटायचं, पण अशा गोष्टीचं वाईट वाटलेलं कुणाला सांगतात?

गेल्या मार्गशीर्षात मी जात्यावरून उठताना पडले ती शुद्धीवर आले भालकीच्या सरकारी दवाखान्यात. तिथून बीदर. बीदरला बायकांच्या डॉक्टरीणबाई आहेत, अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलतात. त्यांनी टेबलावर झोपवलं, दिवा लावला आणि आत बघितलं. मी साडीचा पदर तोंडात घट्ट धरला होता. बाळंतपणाला आपल्या जागेकडे सुईणीनं बघितलेलं वेगळं, आणि दिवसाढवळ्या दिवा लावून बघितलेलं वेगळं. पण ती लाज, जानकी, पाच मिनिटांची होती. तपासणी झाली आणि मी कपडे सारखे करून बसले, एवढाच त्या लाजेचा हिशेब. त्यासाठी मी तीन वर्षं गेले नाही.

डॉक्टरीणबाई बराच वेळ हात धूत राहिल्या. मग विचारलं, लग्न कितव्या वर्षी? पहिलं मूल कधी? एकंदर बाळंतपणं किती? मी सांगितलं, पंधराव्या वर्षी लग्न, सोळाव्याला पहिला, सहा झाली, त्यातली तीन जगली. त्या म्हणाल्या, कोवळ्या वयात लग्न आणि लागोपाठ बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये हा रोग त्या जास्त बघतात. मला वाटलं, मग आपल्या नात्यागोत्यातली कुठली बाई ह्यातून सुटते? आई नाही, मी नाही, तू नाहीस. त्यांनी सांगितलं की हा रोग कितीतरी वर्षं एवढासा असतो, तोंडाशीच बसून राहतो, नुसतं दिवा धरून बघितलं तरी पुष्कळदा दिसतो. दिसण्याआधीही काचेच्या पट्टीवर तिथलं पाणी घेऊन तपासलं तर कळतं. पाळीच्या मधेच रक्त, नवरा जवळ आल्यावर रक्त, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त, वासाचं पांढरं पाणी, एवढंच तो सांगतो, आणि तेव्हा दुखत काही नाही. दुखायला लागतं तोवर उशीर झालेला असतो. म्हणून पस्तिशी उलटली की काही होत नसलं तरी बाईनं एकदा दाखवून घ्यावं. आणि मग जरा चिडूनच विचारलं, "पहिल्यांदा असं झालं तेव्हाच यायला काय झालं होतं, अक्का? पिशवी काढून मोकळी केली असती तुला. इतके दिवस काय करायलीस?"

मी म्हटलं, बाई, आमच्याकडे शास्त्रात बघितलं होतं. दोष नाही असं निघालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून हैदराबादची चिठ्ठी लिहायला लागल्या.

हैदराबादच्या त्या वॉर्डात आम्ही सगळ्या एकाच रोगाच्या. उदगीरच्या, जहिराबादच्या, औरादच्या. मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड, सगळ्या भाषांत तेच दुखणं. माझ्या शेजारी औरादची लिंगम्मा होती. तिच्या घरच्यांनी कुणीतरी भानामती केली म्हणून वर्षभर मांत्रिकाच्या दारात बसवलं होतं. पलीकडच्या बीबीला तिच्या सासूनं सांगितलं होतं की बदलतं वय आहे, आपोआप थांबेल. माझं ऐकून लिंगम्मा म्हणाली, "तुमचं तर बरं की अक्का, तुमाला मारलं तरी न्हाई कुणी." खरंच, मला कुणी मारलं नाही. माझ्यावर सगळ्यांनी मायाच केली. लिंगम्मा शेक पुरे व्हायच्या आधीच गेली. तिची गादी सकाळी गुंडाळून नेली आणि दुपारी तिथं दुसरी आली, तीही तशीच, साडीचा पदर तोंडात धरून.

इथं परत आल्यापासून मी मागच्या सोप्यात झोपते. आता मला कुणी बाजूला बसवलेलं नाही, वास आत जाऊ नये म्हणून मीच आले. कावेरी चौदाव्या वर्षी सोवळं नेसून नैवेद्य करते. तिच्या पोळ्या अजून वातड होतात, आणि ती मला विचारायला येते तेव्हा नेसलेल्या सोवळ्याला माझा हात लागू नये म्हणून दोन हात लांब उभी राहते. माझ्या लेकीला जवळ ओढून घ्यावंसं वाटतं आणि स्वयंपाक व्हायचाय म्हणून मी थांबते. मामंजी रोज पूजा झाली की सोप्याच्या दाराशी पाट टाकून बसतात, मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं स्तोत्र म्हणतात. परवा म्हणाले, "अल्सर बरा होतो सुमती, धीर सोडू नकोस. औषधाला वेळ लागतो." मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की मामंजी, तुम्ही रोग म्हणालात ते अगदी बरोबर होतं, तुमच्याइतकं बरोबर निदान दुसऱ्या कुणी केलं नाही! पण ऐंशीच्या म्हाताऱ्याच्या छातीवर हे ठेवून मी जाऊ कशी? देवावर मात्र मला राग येतो, तो मी लपवत नाही. अंगातून रक्त जात असताना मी दोन वर्षं त्याच्यापुढं ताट मांडलं. त्याला एकदा तरी ते ताट परत पाठवता आलं नाही का?

रडून झालं, आता पुढचं लिहिते. हे सगळं मी तुला लिहिणार नव्हते. तूही अल्सर समजून बसावंस, मोरावळा पाठवावास आणि एक दिवस तार यावी, असं मी ठरवून टाकलं होतं. पण आज सकाळी शारदाआत्या माझ्या केसांना तेल लावायला बसल्या आणि तुमच्या व्यंकटेशच्या मुंजीचं सांगायला लागल्या. मी हैदराबादला पडले होते, मला भाच्याची मुंज बघायला मिळाली नाही, म्हणून त्या रंगवून रंगवून सांगत होत्या. मांडव, भिक्षावळ, मातृभोजनाला तू आणि तो एका पानावर बसलात ते. आणि सांगता सांगता म्हणाल्या, "जानकीचं पण तुझ्यासारखंच व्हायलंय की गं. महिन्यात दोन-दोनदा. मुंज तोंडावर आली अन् हिला डाग. रडायली बिचारी कोपऱ्यात. म्हटलं, कामून रडायलीस? आमच्या दादानं सुमतीला मार्ग काढून दिलाय, तोच तुला. न्हाऊन ये अन् लाग कामाला." वर म्हणाल्या की तू त्यांच्या पाया पडलीस, आणि हा मार्ग त्यांनी हुमनाबादलाही दोघी-तिघींना सांगितलाय, बायका दुवा द्यायल्यात. मी त्यांचं मनगट धरलं. तेलाची वाटी कलंडली. मी त्यांना सगळं सांगितलं, नाव घेऊन सांगितलं, की आत्या, मला अल्सर नाही, मला कॅन्सर झालाय, ते रक्त त्याचंच होतं. त्या माझा हात सोडवून म्हणाल्या, दुखण्यानं डोकं फिरायलंय तुझं, सवाष्णीनं असं अभद्र बोलू नये. आणि न्हायला निघून गेल्या.

म्हणून हे लिहिलं. पत्र तुझ्या घरी दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून चंद्रम्मा तुमच्या चिटगुप्प्याच्या बाजाराला येते तेव्हा ते तुझ्याच हातात देईल. जानकी, तो मार्ग माझ्या नावानं तुझ्या घरात शिरलाय. न्हाऊन चुलीपाशी जाऊ नकोस. कुणाला विचारू नकोस, यजमानांना हवं तर माझा अल्सर बघायला जाते म्हणून सांग, आणि मिळेल त्या पहिल्या बसनं बीदरला डॉक्टरीणबाईंकडे जा. पदर तोंडात धर, पण टेबलावर झोप. तुला हे किती महिने चाललंय ते आत्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही. तिथं चांगलं निघालं तर लगेच चार ओळी टाक, मी तेवढ्यासाठी जीव धरून ठेवीन. वाईट निघालं, तर मी जाईपर्यंत मला कळवू नकोस.

तुझीच, एका घोंगडीवरची,
सुमाअक्का